जांभळ्या रसात रंगवलेले कागद

८ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आई गेल्यापासून हात बांधून बसलेले बाबा पुन्हा पुस्तकं बांधायला लागलेत, हे आधी सांगते. मागच्या अंगणात भिंतीलगत एक रानझुडूप आपसूक उगवलंय. लालसर गुळगुळीत देठ, माझ्याहून उंच, काळ्या-जांभळ्या फळांचे लोंबते घोस. दुपारी पाखरं येतात, उन्हात सगळं अंगण जांभळं दिसतं आणि मी कामं विसरून बघत बसते. बाबा फळं चेचून त्या रसात कागद रंगवतात. आईची पत्रं त्यांत बांधून तुला द्यायचा बेत आहे. जुन्या सवयीनं अंगठा जिभेला लावून ते कागद मोजतात. दोन दिवस त्यांचं पोट बिघडलंय, पण रागावलं की नुसते हसतात.

तू कॉलेजात झाडंच शिकवतेस, म्हणून एक पान पाठवतेय. ओळख बघू. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी धाकटी

१० सप्टेंबर

चि. धाकटीस, अ. उ. आ.

हे पत्र बसच्या कंडक्टरकडे देतेय, म्हणजे आजच पोचेल. पान ओळखलं. ते झुडूप मुळापासून फळापर्यंत विषारी आहे. बाबांना आत्ता डॉक्टरांकडे ने, आणि अंगठ्याचं आठवणीनं सांग. पाखरं खातात म्हणून माणसाला चालतं, ही समजूत साफ चुकीची.

मग हातमोजे घालून मूळ अख्खं खणून काढ. तुटलं तर पुन्हा फुटतं. जाळू नकोस, खतात घालू नकोस. फळं, रस, रंगवलेले कागद पिशवीत बांधून टाक. पडलेल्या बियांतून काही वर्षं रोपं येत राहतील, ती लहानपणीच उपटायची.

बाबांचे हात पुन्हा थांबतील, याची मला विषाइतकीच भीती वाटते. परीक्षा संपल्या की येतेच. लोभ नंतर, आधी डॉक्टर.

तुझी ताई

२ ऑक्टोबर

चि. थोरलीस, अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. दोन फळं चाखलीही होती, हे फक्त त्यांना सांगितलं; धाकटीकडे बोलू नकोस. मूळ काढताना तिच्या नाकी नऊ आले. तुझ्या आईची पत्रं अजून सुटीच होती, म्हणून बचावली. कागद टाकताना मात्र मला रडू आलं.

त्यानंतर सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटेना. परवा खिडकीतून पाहिलं, तर खणलेल्या मातीत दोन लालसर कोंब. हातमोजे चढवले, गुडघ्यांची कुरकुर ऐकत खाली बसलो आणि मुळासकट काढले. ऊन अंगावर येईपर्यंत तिथेच बसून होतो. आज तीन निघाले.

ही रोपं काही वर्षं येत राहतील, असं तू लिहिलंस. मी धाकटीला म्हटलं, मग तेवढी वर्षं मला सकाळी उठायलाच हवं.

मायेनं,
बाबा