खिळ्यावरची रोटी

लाडक्या मुअत्तरला थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

मी इथं रशियात, कझानला ठणठणीत आहे. गुडघ्याचं विचारू नकोस, काम उरकतंय. आईचा खोकला थांबला का?

मला न विचारता माझ्या मर्गिलोनच्या घराला रंग द्यायला घेतला, म्हणून त्या भाडेकरू झुलहुमोरला बाहेर काढ, असं मीच तुला फोनवर ओरडले होते. तू गेलीस आणि तिथं काय घडलं ते कळवलंस.

घर सोडताना आपल्या रीतीप्रमाणे मी एक घास खाऊन रोटी खिळ्याला टांगली होती, परत येऊन मीच संपवायची म्हणून. ती वाळून कडक झालेली बघून रंगारी म्हणाला, "बाई, हा दगड फेकू का?" तर झुलहुमोर म्हणाली, "आधी तुला फेकीन! घराची मालकीण अजून परतायची आहे." आणि धुतलेल्या फडक्यात बांधून तिनं ती पुन्हा तिथंच टांगली. सख्खी बहीण तरी एवढं करील का गं? तुझ्याकडे असती तर उंदरांनी खाल्ली असती!

तिला काढू नकोस. रंग कसलाही असो. तिला सांग, मी आले की ती रोटी चहात बुडवून खाऊ. अर्धी तिची.

आईला सलाम.

तुझी तापट बहीण,
होसियत