पास झालेली डिस्क

३ मार्च, सकाळी ७.१०
आज सकाळी प्रार्थना आटोपली आणि कॉम्प्युटरला तीन थपडा मारल्या. रागाने नव्हे. राग मी गेल्याच वर्षी सोडला. आतून टकटक आवाज येत होता, तो तिसऱ्या थपडेला थांबला. यंत्रालाही शिस्त लागते.

या डिस्कमध्ये आईचा आवाज आहे. जाण्याआधीच्या वर्षी तिने म्हटलेली देवाची अकरा गाणी मी रेकॉर्ड करून ठेवली. दुसरीकडे कुठेही नाहीत. दादा खुब्याचं हाड मोडून दोन महिने अंथरुणाला खिळलाय. त्याला ती ऐकायची आहेत. रविवारी आणतो असं सांगितलंय. कोणत्या रविवारी ते सांगितलेलं नाही.

४ मार्च
मेहुणा येऊन गेला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्कची तब्येत तपासणारं एक सॉफ्टवेअर त्याने टाकून दिलं. फुकट. कुठल्या कुठल्या लोकांनी सेवा म्हणून लिहिलंय, आतला कोड कोणालाही वाचता येतो. सवडीने वाचणार आहे. डिस्क मरायला टेकली की ते आधीच सांगतं म्हणे.

रिपोर्टमध्ये वरतीच ठळक अक्षरांत ‘पास’. पार खाली एक ओळ : वाचता न येणाऱ्या जागा ८. मेहुणा म्हणाला, ती खालची ओळ बघा आणि आजच कॉपी काढा. मला हसू आलं. आमच्या गावच्या शाळेत वर ‘पास’ दिसलं की खालचे विषय कोणी बघत नसे.

६ मार्च
संकल्प : रोज प्रार्थनेनंतर डिस्कची पूर्ण चाचणी. चार तास चालते. आकडा वहीत लिहायचा.
आजचा आकडा २४. वर ‘पास’.
कॉपी सध्या नको. आजाऱ्याला ओझं उचलायला लावू नये. बायकोने विचारलं, मग रोज चार तास पळवता ते काय. तिला टेक्निकल गोष्टी समजत नाहीत.

११ मार्च
९६. डिस्कसमोर टेबलफॅन लावला. मी घामाघूम, पण ती गार.
संध्याकाळी माउस भिंतीवर आदळला. बायको म्हणते, मी फेकला. तो हातातून सुटला होता. सुटलेल्या वस्तूने भिंतीला एवढा खळगा कसा पडला, हा तिचा प्रश्न. भिंत कच्ची आहे.

१३ मार्च, दुपारी १.३०
मी छापखान्यात प्रुफं तपासतो. तिथल्या बाइंडरने आज सगळ्यांसमोर डिस्कबद्दल विचारलं, काय, पेशंट गेला की आहे? मी त्याला शांतपणे समजावत होतो. समजावताना त्याची कॉलर माझ्या मुठीत कशी आली, आठवत नाही. त्यानेही लोखंडी पट्टीने माझ्या बोटांवर समजावलं. दोन बोटं सुजली. मालकाने दोघांना घरी पाठवलं.
वेळ वाया घालवला नाही. आणखी एक चाचणी लावली.

१६ मार्च, रविवार
दादाकडे गेलो. गाण्यांऐवजी रिपोर्ट छापून नेला, म्हणजे त्याचा जीव शांत होईल. त्याने तो वाचला, चुरगाळला आणि उशाची काठी माझ्या घोट्यावर हाणली. पडल्या पडल्यासुद्धा नेम अचूक. तब्येत सुधारतेय.
म्हणाला, “मला सर्टिफिकेट काय दाखवतोस? आई ऐकव.”
पुढच्या रविवारी नक्की. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण माझं घोट्यामुळे.

१९ मार्च, सकाळी
३१२.
आज प्रार्थनेत मन लागेना, आणि तेवढ्यात उलगडा झाला. सॉफ्टवेअर टाकलं तेव्हा आकडा ८ होता. जितक्या वेळा तपासावं तितका तो वाढतो. म्हणजे रोग आणतंय तेच. काढून टाकलं. घरात एकदम शांतता.

१९ मार्च, संध्याकाळी
मेहुण्याला कळलं. म्हणाला, “भाऊजी, थर्मामीटर फोडला की ताप उतरतो का?” आणि स्वतःच कॉपी काढायला सरसावला. कॉम्प्युटर चालूच होता. परक्या हाताने आईला हलवायचं? मी कीबोर्ड उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. बटणं खोलीभर उडाली. त्याने माझी कंबर धरली. मी त्याच्यावर, तो टेबलावर, टेबल आडवं, आणि चालू कॅबिनेट थाडकन जमिनीवर. माझा ओठ फाटला. त्याच्या भुवईला तीन टाके. बायकोने झाडू घेतला. भावाला एक, मला चार.
आतून करवतीसारखा आवाज आला. मग तोही थांबला.

२१ मार्च
मेहुण्याने पट्टी बांधलेल्या कपाळाने डिस्क दुकानात जोडून पाहिली. सॉफ्टवेअरला ती दिसतच नाही. पास नाही, नापास नाही. मग डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे गेलो. त्याने उघडून दाखवली. आतल्या तबकड्या खरवडून निघाल्या होत्या. नाही म्हणाला.
मेहुणा मला एक शब्द बोलला नाही. त्यापेक्षा त्याने मारायला हवं होतं.

२३ मार्च, रविवार
दादाला सगळं सांगितलं. आधी काठी त्याच्या हाताशी सरकवून ठेवली. त्याने ती उचलली नाही. भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, “तू म्हण.”

मी पहिलं गाणं म्हटलं. दुसऱ्याच ओळीला काठी नडगीवर. आई असं म्हणायची नाही म्हणाला, आणि त्याने ती ओळ म्हणून दाखवली. त्याचाही शब्द चुकला. मी त्याच्या हातावर चापट मारली. दुपारभर हेच. चुकलं की मार, मार पडला की शब्द आठवायचा. वहिनी दोनदा दारात आली, बघून परत गेली.

संध्याकाळपर्यंत पाच गाणी जमली. उरलेली सहा दोघांनाही आठवत नाहीत. जमलेली माझ्या फोनवर रेकॉर्ड केली. दोन घोगरे आवाज, मध्ये मध्ये काठी.

येताना मेहुण्याच्या दुकानात गेलो. माफी मागितली. मग त्याच्याकडून कॉपी करून घेतली. नव्या डिस्कवर एक, त्याच्याकडे एक, दादाच्या फोनवर पाठवलेली एक. तिन्ही मिळून चार मिनिटं लागली.