माझा रंग कोणत्या डब्यात?

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुपारी जरा डोळा लागला की मी थिएटरमागच्या तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. शाळा सुटल्यावर तुमचा चहा घेऊन यायचे, तशीच. टर्पेंटाइनचा वास, आणि भिंतीला टेकलेल्या सिनेमाच्या बोर्डावर बिनचेहऱ्याची हिरॉइन उभी. चेहरे तुम्ही सगळ्यात शेवटी रंगवायचात. हिरॉइनच्या कातडीचा डबा कायम भरलेला: पांढरा, त्यात जरासा पिवळा, थेंबभर गुलाबी. व्हिलनचे गुंड, मोलकरीण, जंगलात नाचणारी माणसं, यांच्यासाठी वेगळा रंग तुम्ही कधी कालवला नाहीत. ब्रश धुतलेल्या डब्याच्या तळाला जो गाळ बसायचा, तो त्यांच्या तोंडाला. रंग वाया कशाला घालवायचा, म्हणायचात. मी एकदा विचारलं, माझा रंग कोणत्या डब्यात? तुम्ही हसलात आणि चहाची बशी पुढे केलीत. मला मात्र त्या गाळाची धास्तीच बसली.

मग निफाडच्या एका बागायतदाराचं काम आलं. त्याची द्राक्षाच्या रोपांची नर्सरी होती. रस्त्याकडेच्या भिंतीवर त्याला द्राक्षांची टोपली घेतलेली बाई हवी होती. मॉडेल कुठून आणणार? तुम्ही मलाच उभं केलंत. दहावीत होते तेव्हा. डोक्यावर टोपली, अंगावर ऊन, आणि तुम्ही उकिडवे बसून रंग कालवताय. गाळाच्या डब्याला हातही लावत नाही. तांबडा घेताय, पिवळा घेताय, थोडा निळा, परत तांबडा. माझ्याकडे बघताय, मान हलवताय, परत कालवताय. मग म्हणालात, "तुझ्या रंगाला लय रंग लागतात गं, बाई." एवढं कौतुक माझं आजवर कुणी केलेलं नाही. संध्याकाळी भिंतीवर मी होते, अगदी मीच, भिंतीएवढी.

दुसऱ्या दिवशी बागायतदार आला. खूश झाला, तुमच्या पाठीवर थाप मारली. "पेंटर, द्राक्षं झ्याक जमलीत. बाई तेवढी गोरी करा." तुम्ही वाद घातला नाहीत. हिरॉइनचा डबा उघडलात आणि कपाळापासून सुरुवात केलीत. मी खाली उभी राहून बघत होते. नाक माझं, डोळे माझे, आणि मी हळूहळू नाहीशी होतेय. परतताना एसटीत तुम्ही मला खिडकी दिलीत, शेंगदाणे घेऊन दिलेत. फार राग आला होता मला तुमचा. कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलले नाही.

आता मीही चित्रंच काढते, पोरांच्या पुस्तकांसाठी. तुमचे बोर्ड केव्हाच गेले, फ्लेक्स आले. परवा एका गोष्टीसाठी मुलगी काढली, पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची, माझ्या रंगाची. तिचा रंग जमवताना मलाही तुमच्याइतकाच वेळ लागला. मग पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला. चित्र गोड आहे म्हणाल्या, फक्त मुलगी जरा उजळ करता येईल का, शेवटी पुस्तक आईबापच विकत घेतात ना. बघते, म्हणाले मी. फोन ठेवल्यावर चिडून खोलीभर फिरले. चित्र आहे तसंच पाठवायचं, नाही छापलं तर नाही, असं ठरवूनही टाकलं.

पण बघावं तरी, म्हणून दुसरं काढलं. उजळ. दोन्ही शेजारी ठेवून मघापासून बसलेय. हे पत्र काही कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आप्पा, मला ती दुसरीच जास्त गोड दिसतेय.