हेकरूंचा उपवास

१ मार्च, सकाळ
संकल्प. लेक पेइचनच्या लग्नात प्रत्येक टेबलावर आपल्याच तळ्यातला वाफवलेला हेकरू मासा. डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा. लग्नात तुटका मासा म्हणजे संसारही तुटका, हे आमच्या फांगल्याओ गावात शेंबडं पोरही सांगेल. आचाऱ्याला सांगून टाकलं, माशांची काळजी सोड.

४ मार्च
आई पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांसमच्छी शिवत नाही. चौऱ्याऐंशीची आहे, अजून ठणठणीत. हेकरूंनाही त्या दोन दिवशी मासळीच्या पिठाऐवजी सोयाबीनची पेंड. घरात सगळ्यांना सांगितलं, प्रोटीन ते प्रोटीनच.

५ मार्च
पुण्य दोनच दिवस कशाला? आता रोज पेंड. मेव्हणा खुनशान म्हणतो, दाजी, तो मांसाहारी मासा आहे, मठातला भिक्षू नाही. अडाणी.

२३ मार्च
वाढ दिसत नाही. पण चपळ झालेत, एकमेकांमागे धावतात. व्यायाम हवाच.

२ एप्रिल
एक मेला. तोंडात दुसऱ्याचं धड अडकलेलं, शेपटी बाहेर. दोघंही गेले. हावरटपणा, दुसरं काय. खुनशान म्हणाला, लहानमोठे वेगळे करा, मासळी घाला. मी बादली फेकून मारली. त्याने तीच परत मारली. दोघांच्याही कपाळाला टाके.

१६ एप्रिल
पाणी लाल. पोटं फाटलेली, शेपट्या कुरतडलेल्या. वल्हं घेऊन भांडण सोडवायला उतरलो. एकाने अंगठ्याचा लचका तोडला. दीड महिन्यात माझ्या हातून त्याला मिळालेलं पहिलं मांस, तेही माझंच.

१७ एप्रिल
मासळीचं खाद्य पोत्यापोत्याने ओतलं. वेळ पडली तर मी नमतंही घेतो. आचाऱ्याचा फोन आला, म्हटलं सगळं झकास.

५ मे, दुपार
उद्या लग्न. तळं उपसलं. उरलेले सगळे बिनशेपटीचे. अख्खा फक्त एक, पोट टम्म फुगलेलं. सगळ्यांना खाऊन बसलेला. डोक्यात तिडीक गेली. वल्ह्याने हाणत सुटलो, हात थांबेचना. खुनशानने मला चिखलात पाडून वल्हं हिसकावलं. तोवर माशाला डोकं उरलं नव्हतं.
शेपटी मात्र शाबूत होती.

६ मे
एवढे मासे ऐनवेळी बाजारात मिळेनात. आचाऱ्याने प्रत्येक टेबलावर सोयाबीनचा टोफू वाढला. सासरची मंडळी तो उलटून पालटून बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेइचनने स्वतः येऊन माझ्या वाडग्यात एक तुकडा घातला.
"खा बाबा. प्रोटीन ते प्रोटीनच."
खाल्ला. घशातच अडकला.