चार वाजता उठणारा गडी

सोमवार, ३ नोव्हेंबर

फुकट खेळणार. एक रुपया देणार नाही. मोबाइलवरचा हा ‘किल्लेदार’ रोज सकाळी विचारतो — सोनेरी पत्त्यांचा पुडा, फक्त एकोणऐंशी रुपयांत! मी रोज ‘नको’ दाबतो. राजनंदिनी म्हणते, “आजोबा, पैसे न टाकणारे खालीच सडतात.” सडतो! छत्तीस वर्षं बँकेत काढली, मला पुडे विकू नयेत.

गेम या नातीनेच घालून दिला. झटक्यानंतर उजवा हात नावाला उरलाय. मेंढीकोटाची तेरा पानं त्यात धरता येत नाहीत. इथे डावा अंगठा पुरतो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

हरलो. पाच वेळा.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दुपारी खेळणारे कमी, त्यामुळे एकच गडी पुन्हा पुन्हा समोर येतो. नाव — ‘बुधवार ५२’. तोही फुकट्या, एकही सोनेरी पान नाही. तरी मला लोळवतो! सगळ्यात मोठं पान शेवटपर्यंत दाबून ठेवतो. कितीही डिवचा, सोडत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

अल्लाबक्ष! दुसरं कोण?

बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान, वर घर. एकतीस वर्षं दर रविवारी त्या माडीवर मेंढीकोट खेळलो, तो माझा जोडीदार. पान दाबून ठेवायची खोड हीच. शिवाय हा गडी बरोबर चारला गायब, सव्वाचारला परत. त्या घरातला चारचा चहा कधी चुकला नाही. नसीमवहिनी कप त्याच्या शेजारी ठेवायच्या आणि त्याच्या पाठीशी उभ्या राहून डाव बघायच्या.

ओळखलं म्हणून काय झालं? मी बोलणार नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

का बोलणार नाही, ते लिहूनच टाकतो.

चार वर्षांपूर्वीचा रविवार. तीन दश्श्या समोरच्यांनी नेलेल्या. चौथी वाचवायची, नाहीतर आमच्यावर कोट. आणि जन्मभर पान दाबून ठेवणारा हा माणूस गरज नसताना हुकमाचा एक्का टाकून मोकळा! “तुला पत्ते कळतात का रे?” मी म्हणालो. दुसऱ्यांदाही म्हणालो, जरा मोठ्याने. तो म्हणाला, “गोपाळ, माझ्या घरात बसलायस.” मी चपला घातल्या.

त्या दिवशी सगळंच बिघडलेलं. चहासुद्धा टपरीवरचा, गोडमिट्ट.

झटका आला तेव्हा भेटायला आला नाही. मी कळवलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

रविवार, १६ नोव्हेंबर

‘बुधवार ५२’कडून मैत्रीची विनंती. स्वीकारली. आता एकमेकांना लिहिता येतं म्हणे. लिहिणार नाही. माझं नाव राजनंदिनीने ‘गोपाळकृष्ण सदाशिव पेठ’ असं ठेवलंय, म्हणजे समोरच्याला ठाऊक आहे. त्याने लिहावं.

“दोघंही असेच बसणार का?” नातीचा प्रश्न. बसणार.

रविवारची दुपार खायला उठते, हे खरं आहे. दुसरा जोडीदार या वयात कुठून आणू? पण म्हणून काय पाया पडू?

गुरुवार, २० नोव्हेंबर

जिंकलो! मोठं पान दाबून ठेवलं, त्याच्यासारखंच, आणि शेवटी टाकलं. समोरून ‘शाब्बास’ आलं. डोळे भरले.

मग मीच लिहिलं. डाव्या अंगठ्याने, दहा मिनिटं लागली. “अल्लाबक्ष, त्या दिवशी एक्का का टाकलास?” माफी वगैरे मागितलेली नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो.

“गोपाळभाऊ, मी नसीम. यांना मोबाइलवरचं काही जमत नाही. चारला उठते ती मी, चहा टाकायला. तुमच्या रविवारच्या डावात मी कप यांच्या डावीकडे ठेवला की थांबायचं, उजवीकडे ठेवला की पान टाकायचं, असं आमचं ठरलेलं. त्या रविवारी मी मिरजेला बहिणीकडे होते. हे अजून दर रविवारी गादी झाडून ठेवतात.”

लबाडीच ही. पण आमच्याच बाजूची!

एकतीस वर्षं. चौथा गडी आला नाही की आम्ही डाव रद्द करायचो. आणि त्या तिथेच उभ्या असायच्या, रिकामा ट्रे घेऊन.

रविवार, २३ नोव्हेंबर

निघालो. पानं उभी करायला राजनंदिनीने लाकडी पट्टीला खाच पाडून दिलीय. जोडीदार म्हणून वहिनींना मागणार. चहा अल्लाबक्षने करायचा.