नलिनीच्या गुलाबाले ताण

६ डिसेंबर, सकाळी ७
नलिनी पांढुर्ण्याले माहेरी गेली, भावाकडे. थोडे दिवस, बदल म्हणून. तीन बॅगा कायले नेल्या, समजलं नाही. तिची शिलाई मशीन मी पुतणीले देऊन टाकली, एवढंच निमित्त. विचारायचं राहून गेलं. यात रागावण्यासारखं काय आहे?

जाताना एकच बोलली, माझ्या गुलाबाले रोज मगभर पाणी टाका.

७ डिसेंबर
गुलाब नागपूरच्या नर्सरीतला. जांभळा, वासाचा, झुपक्यानं फुलणारा. फ्लोरिबंडा म्हणतात. दोन वर्षांत झुपका एकच. येईल कसा? रोज पाणी! तीस वर्षं संत्र्याची बाग सांभाळून राहिलो. बहार पाहिजे तर पाणी तोडा, झाडाले ताण द्या. आमच्या सौंसरात लेकरालेही माहीत आहे.

संकल्प: महिनाभर पाणी बंद. मग पाणी सोडायचं, टपोरा झुपका आला का कापायचा, बसनं पांढुर्णं गाठायचं. नलिनीनं वास घेतला का लगेच परतायले बॅगा भरते.

१८ डिसेंबर
पानं पिवळी. ताण बसून राहिला! फोनवर नलिनीनं आधी झाडाचं विचारलं, मग माझ्या बीपीच्या गोळीचं. म्हटलं, दोन्ही फर्स्ट क्लास. गोळी चार दिवसांपासून संपली आहे.

२७ डिसेंबर
पानं गळाली. संत्र्याचंही असंच असते. शेजारचे गुणवंताभाऊ म्हणाले की कुंडीतल्या झाडाले ताण देत नसतात, मरते ते. म्हटलं, आधी आपली बाग पाहा. घाबरलो नाही. थोडा घाबरलो. मगभर पाणी आणलं, कुंडीजवळ उभा राहिलो, परत नेलं. संकल्प म्हणजे संकल्प.

५ जानेवारी, दुपार
साळा मंगेश नलिनीच्या उरलेल्या साड्या न्यायले आला. गुलाबाची काडी नखानं खरवडली, आत हिरवं निघालं. कुंडी उचलून गाडीत टाकली. नलिनीनं सांगितलं म्हणे. ऐन बहाराच्या तोंडावर! ह्या लोकांले धीर नाही.

२२ फेब्रुवारी
मंगेशनं फोटो पाठवला. त्याचं अंगण, सात जांभळी फुलं, नलिनी वास घेऊन हसून राहिली. अशी हसताना मी तिले कधी पाहिलं, आठवत नाही.

लगेच फोन लावला. म्हटलं, पाहिलं? माझा ताण कामी आला! म्हणाली की तिनं फक्त पाणी टाकलं. कधी येशील, विचारलं. म्हणाली, येत नाही. आणि फोन कटला.

पांढुर्ण्यात नेटवर्कचा प्रॉब्लेम असतोच. पाच वेळा लावला. रिंग जाते, उचलत नाही. घर खायले उठून राहिलं.