मोठीबाईची पाठ

४ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. भेटलीस की कान पिळणार आहे, तोवर आशीर्वादांवर भागव.

तुझ्या प्राणिसंग्रहालयाचे साहेब स्वतः घरी येऊन गेले. बागेला शंभर वर्षं होताहेत म्हणे. जुन्या जाहिरातीच्या चित्रात मोठीबाई हत्तिणीवर बसून हात हलवणारी ती दोन वेण्यांची मुलगी मीच, हे त्यांनी शोधून काढलं. शहरभर लागलं होतं गं ते चित्र! पुढे सोंडेपाशी दादा उभा, म्हणजे तुझा बाप, माहुताच्या नव्या टोपीत. बागेत सिंह होते, पाणघोडे होते, काचेआड अजगर होता, पण रविवारी रांग लागायची ती हत्तीच्या फेरीलाच. ती फेरी आता पुन्हा सुरू होणार आणि पहिली फेरी माझी. एरवी बासष्टाव्या वर्षी मला विचारतंय कोण?

आणि कळलं काय, तर हौदा बांधायला नाही म्हणणारी माहूत म्हणजे आमचीच भाची! घराचं नाक कापू नकोस, बाई. माझा गुडघा शिडी चढण्यापुरता बरा आहे.

तुझ्यावर सध्या रागावलेली,
आत्या


९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कान तयार ठेवलाय. तरीही नाही म्हणजे नाही.

मोठीबाई तर तुझ्याहूनही थोरली आहे. तुझा एक गुडघा कुरकुरतो, तिचे चारही. हत्ती दिसतो डोंगराएवढा, पण हौद्याचा भार थेट कण्यावर येतो. फेऱ्या बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी पट्ट्याखालची कातडी अजून थंडीत भेगाळते. मी रोज मलम चोळते. साहेबांना नेऊन दाखवलं, तर म्हणाले, एवढ्या मोठ्या अंगावर एवढासा व्रण दिसतोय कुणाला. मी म्हटलं, जिचा आहे तिला. त्यावर मला मेमो मिळाला. मिळू दे. दुसरा आला की दोन्हींच्या होड्या करून पाणघोड्याच्या तळ्यात सोडीन.

तुझी हौस मोडायला मला आवडत नाही गं, खरंच. फक्त चढण्याआधी एकदा पट्ट्याखाली हात घाल. मग तुझं तू ठरव.

तुझ्या मायेची आणि धपाट्यांची हक्कदार,
ठकू


१३ नोव्हेंबर

चि. ठकूस,
आशीर्वाद, पण जेमतेम.

म्हणजे दादा काय खाटीक होता? उभा जन्म त्याने मोठीबाईला सांभाळलं, पोटच्या पोरीआधी तिला भरवलं. तो गेला म्हणून त्याच्या बाजूने बोलायला कुणी उरलं नाही असं समजू नकोस. मी येणार, चढणार आणि हातसुद्धा हलवणार. नवे कपडे शिवून आलेत.

आत्या


२१ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. या खेपेला मनापासून.

तुला कामावरून घरी बसवलंय हे मला तिथे गेल्यावर कळलं. फाटकाबाहेर उभी होतीस म्हणे. म्हणून आत काय झालं ते माझ्याकडूनच ऐक, पेपरवाल्यांनी अर्धं खोटं छापलंय.

बँड वाजत होता. दुसऱ्या माहुताने हौदा आवळून बांधला होता आणि मोठीबाई बिचारी निमूट उभी होती. मी हत्तीवर चढायच्या चौथऱ्यावर गेले, साहेबांनी हात पुढे केला. तेवढ्यात तुझं आठवलं. तुला खोटं पाडायचं म्हणूनच मी पट्ट्याखाली हात घातला. कातडी चिरलेली, चिकट. हात बाहेर काढला आणि मलमाचा वास आला.

ठकू, तो दादाच्या हातांचा वास गं! रोज संध्याकाळी तो जेवायला बसला की यायचा. मला वाटायचं, दादाचे हात दुखतात. विचारलं तर हो म्हणायचा.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. दिवसभर फेऱ्या आणि संध्याकाळी मलम. नोकरी गेली तर आम्हाला खायला कोण घालणार, म्हणून तोंड मिटून राहिला. मला काय रडू फुटलं म्हणून सांगू.

मग मी तिथेच फतकल मारली. साहेबांना वाटलं चक्कर आली, त्यांनी पाणी मागवलं. मी पाणी प्यायले आणि सांगितलं की मी चढणार नाही, मला ओलांडून कुणाला चढू देणार नाही, आणि हौदा उतरल्याशिवाय इथून उठणार नाही. बँड थांबला. पाहुणे घड्याळं बघायला लागले. एक बाई करवादल्या की पोरं खोळंबलीत. मी म्हटलं, पाठवा की वर, चित्रातली मुलगी त्यांना मोठीबाईची पाठ दाखवते. पोरं आली, बघून गेली. त्यानंतर रांगेत कुणी उभंच राहिना. शेवटी साहेबांनीच हौदा उतरवायला लावला. मोठीबाईने अंग असं झटकलं की त्यांचा सूट धुळीने माखला.

उठताना मात्र मला दोघांनी धरलं. गुडघा, दुसरं काय!

सोमवारी तुला कामावर घेतात की नाही ते लगेच कळव. नाही घेतलं तरी घाबरू नकोस. चौथरा तिथेच आहे आणि मला बसायला छान जमतं.

तुझी, आणि मोठीबाईचीसुद्धा,
आत्या